कोळंबीची सालं, समुद्री शेवाळ आणि किरणोत्सारी पाणी

मधूनमधून कुठल्यातरी ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच, "कोळंबीच्या सालांनी अणुकचरा साफ, ९९ टक्के युरेनियम गायब", खाली टाळ्यांचे इमोजी, आणि मी केमिस्ट्री शिकवते म्हणून कोणीतरी हमखास विचारतं, मॅडम हे खरं का हो. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, पुढच्या वेळी लिंक दिली की सुटले. थोडक्यात सांगायचं तर खोटं नाहीये. पण कुठला धातू, किती, आणि कसल्या पाण्यातून हे विचारल्याशिवाय त्या ९९ टक्क्यांना काडीचा अर्थ नाही. आणि गायब तर काहीच होत नाही, ते शेवटी सांगते.

आधी सालांकडे बघू. कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्या कवचात तीन मुख्य गोष्टी असतात, प्रथिनं, चुनखडीवालं कॅल्शियम कार्बोनेट आणि कायटिन. कायटिनचं प्रमाण जातीप्रमाणे १५ ते ४० टक्के. सेल्युलोजच्या खालोखाल निसर्गात सगळ्यात जास्त बनणारी पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) म्हणजे हेच कायटिन, किड्यांच्या अंगात तेच, बुरशीच्या भिंतीत तेच, आणि गंमत म्हणजे १८११ मध्ये आंरी ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाला ते पहिल्यांदा सापडलं ते कोळंबीत नाही तर अळंबीत. साल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकली की फसफसून चुनखडी जाते, मग कॉस्टिकच्या पाण्यात प्रथिनं जातात, उरतं ते कायटिन, आणि ते चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिक सोड्यात तापवलं की त्याच्यावरचे ॲसिटिल गट निघून मोकळे अमाइन गट उघडे पडतात, त्याचं नाव कायटोसान. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर खूप काम केलंय, त्यामुळे "कुठल्यातरी परदेशी लॅबमधला चमत्कार" वगैरे काही नाही हे. हां, एक गोष्ट मात्र फॉरवर्डवाले कधी लिहीत नाहीत, की हा सगळा ॲसिड-कॉस्टिकचा उद्योग स्वतःच भरपूर घाण पाणी सोडतो. "कचऱ्यातून बनलं म्हणजे इको-फ्रेंडली" असं आपोआप होत नाही.

तर सगळा खेळ त्या अमाइन गटाचा. त्यातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक मोकळी जोडी असते आणि तांबं, युरेनियम असले धातू त्या जोडीला येऊन बिलगतात.

आमच्या लॅबमध्ये युरेनियम येणं शक्यच नाही, आणि नकोच, पण मोरचुदाने (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) हे इतकं सुंदर दाखवता येतं की एरवी मागच्या बाकावर झोपणारी पोरंसुद्धा पुढे येतात. कायटोसानची पावडर पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये घालून रात्रभर ढवळत ठेवायची, सकाळी घट्ट, चिकट, पिवळट द्रावण तयार. ते सिरिंजमध्ये भरायचं (बुडबुडे राहिले की शेपटीवाले मणी होतात, म्हणून थोडा वेळ उभी ठेवायची) आणि कॉस्टिकच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. थेंब खाली पडला की बाहेरून लगेच गोठतो, आणि थोड्या वेळात तळाशी भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके मणी जमतात. ते धुवायचे, धुवायचे, अजून धुवायचे, लिटमस निळा व्हायचा थांबेपर्यंत, आणि मग मोरचुदाच्या फिक्या निळ्या पाण्यात टाकायचे. तासाभराने बघितलं तर पाणी जवळजवळ नितळ आणि मणी गडद निळे. इथे सगळ्यांचे मोबाईल बाहेर येतात. पण माझा आवडता भाग पुढचा आहे. तेच निळे मणी पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये टाकले की मण्यांचा रंग उतरतो आणि पाणी परत निळं. (हायड्रोक्लोरिक नको, त्यात मणीच विरघळतो, सल्फ्युरिकमध्ये तग धरतो.) म्हणजे तांबं कुठे गेलं नव्हतं, जागा बदलली होती, आणि आता ते कमी पाण्यात जास्त गोळा झालंय. हे डोळ्यांनी बघितलं की "गायब" म्हणायची हिंमत होत नाही.

आता युरेनियम. ही कल्पना बरीच जुनी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्सेझोस आणि व्होलेस्की या दोघांनी रायझोपस नावाच्या बुरशीवर काम केलं. फर्मेंटेशनच्या कारखान्यातून वाया जाणारी मेलेली बुरशी, तिला युरेनियमच्या द्रावणात टाकलं तर ग्रॅमला १८० मिलीग्रॅमपेक्षा जास्त युरेनियम धरून बसली. आणि त्यांनी नुसता आकडा देऊन सोडलं नाही, युरेनियम बसतं कुठे ते शोधलं, तर पेशीभिंतीतल्या कायटिनमध्ये, आधी नायट्रोजनला चिकटतं आणि मग त्या जाळीत हायड्रॉक्साइड होऊन साचत जातं. पुढे ऑन्टारिओतल्या एलियट लेकच्या युरेनियम खाणींच्या पाण्यावर पायलट प्लांटसुद्धा चालवला. नव्वदच्या आसपास अमेरिकेत असली जैविक मटेरियल्स बाजारातही आली होती. पण साध्या सिंथेटिक आयन-एक्स्चेंज रेझिनपुढे (धातूचे आयन धरणारे प्लास्टिकचे मणी) काही त्यांचा निभाव लागला नाही. रेझिन महाग असतं पण दरवेळी सारखं वागतं, बुरशीची आजची बॅच आणि उद्याची बॅच सारखी निघेलच असं नाही, आणि प्लांट चालवणाऱ्या माणसाला नावीन्य नको असतं, त्याला रात्री झोप हवी असते.

युरेनियमच्या बाबतीत पाण्याचा पीएच म्हणजे अर्धी लढाई. पाण्यात ते बहुतेक युरेनिल या रूपात असतं, दोन धन भार असलेला आयन. पीएच ३ च्या आसपास कायटोसानचे अमाइन गट स्वतःच प्रोटॉन घेऊन धन होऊन बसतात, मग दोन्ही धन, एकमेकांना ढकलतात. पीएच ५ च्या आसपास छान पकडतं. त्याच्यावर गेलात की प्रयोगशाळेतल्या जाड द्रावणात युरेनियम आपलं आपणच हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतं, आणि मग ९९ टक्के "रिमूव्हल" येतं त्यातलं किती मण्याने पकडलं आणि किती नुसतंच गाळासारखं बसलं हे ज्याने पेपर लिहिला त्यालाच माहीत, कधीकधी त्यालाही नाही. मण्यांशिवायची कोरी बाटली बाजूला ठेवली होती का, हा प्रश्न मी असा कुठलाही पेपर वाचताना पहिला शोधते. नसेल तर मी पुढे वाचत नाही, राग मानू नका.

आणि खऱ्या पाण्यात तर अजून वेगळीच कथा. पंजाबातल्या माळवा पट्ट्यात, राजस्थानात बोअरच्या पाण्यात युरेनियम जास्त सापडतं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे, आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची ६०, आणि काही ठिकाणी यापेक्षा कितीतरी वर. ते कुठल्या अणुभट्टीतून आलेलं नाही बरं का, जमिनीतल्या खडकातलंच आहे. पण त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, पीएच सात-साडेसातच्या पुढे, कॅल्शियमही असतं. अशा पाण्यात युरेनिल कार्बोनेटला आणि कॅल्शियमला धरून एक गुंता करतं ज्यावर भारच उरत नाही किंवा उलटा ऋण भार येतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये हीरो ठरलेला मणी इथे हात हलवत परत येतो. म्हणून "कायटोसान युरेनियम काढतं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. खाणीच्या आम्लयुक्त पाण्यातून, हो, थोडी तयारी करून. भटिंड्याच्या बोअरच्या पाण्यातून, आधी पीएच खाली आणा मग बोलू.

आता शेवाळ. तपकिरी समुद्री शेवाळात, म्हणजे सरगॅसमसारख्या, जे आपल्या मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही दिसतं, अल्जिनेट नावाचं दुसरं पॉलिमर असतं. आइस्क्रीमपासून दाताच्या मापाच्या पेस्टपर्यंत सगळीकडे असतं ते. याच्या साखळीत कार्बॉक्सिल गट असतात आणि साखळीतल्या ग्युलुरोनिक ॲसिडच्या तुकड्यांमध्ये बरोबर कॅल्शियमएवढे खळगे, दोन साखळ्या समोरासमोर आल्या की मध्ये कॅल्शियम जाऊन बसतो. म्हणून सोडियम अल्जिनेटचा थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये टाकला की जेल. आता स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमचाच मोठा भाऊ, आणि अल्जिनेटला कॅल्शियमपेक्षा स्ट्रॉन्शियम जास्त आवडतो, बेरियम त्याहून जास्त. स्ट्रॉन्शियम-९० या त्याच्या किरणोत्सारी प्रकाराचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून जायला लागणारा काळ) साधारण २९ वर्षं, शरीरात गेला की कॅल्शियम समजून हाडात जाऊन बसतो, म्हणून १९६० च्या दशकात, अणुचाचण्यांची धूळ जगभर पडत होती त्या काळात, परत त्याच मॅकगिलमध्ये अल्जिनेट खायला देऊन आतड्यातून स्ट्रॉन्शियम शोषला जाणं कमी करता येतं का यावर काम झालं होतं आणि येतं असं दिसलं. मला हे भारी वाटतं, जेल तेच, फक्त बीकरऐवजी पोट.

पण इथेही पाणी कसलं हा प्रश्न आहेच. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलीग्रॅम साधा, बिनकिरणोत्सारी स्ट्रॉन्शियम आधीपासूनच असतो. मण्याला किरणोत्सारी आणि साधा यातला फरक कळत नाही, केमिस्ट्री दोघांची एकच. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात २०११ च्या अपघातानंतर सुरुवातीला भट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी मारलं होतं, अशा पाण्यात स्ट्रॉन्शियम-९० शोधणारा मणी साध्या स्ट्रॉन्शियमनेच भरून जाणार.

आता तो मुद्दा ज्याच्यासाठी खरं म्हणजे मी लिहायला बसले. असले पेपर बहुतेक साध्या, बिनकिरणोत्सारी सीझियमवर (अणुकचऱ्यातला आणखी एक नेहमीचा धातू, त्याचा किरणोत्सारी प्रकार सीझियम-१३७), स्ट्रॉन्शियमवर प्रयोग करतात, परवान्याची भानगड नको म्हणून, ते ठीकच आहे. पण द्रावण घेतात लिटरला १० मिलीग्रॅम, ५० मिलीग्रॅम, १०० सुद्धा. आता हिशेब करा. एक ग्रॅम सीझियम-१३७ म्हणजे सुमारे ३.२ लाख कोटी बेक्वेरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल). लिटरला १० मिलीग्रॅम म्हणजे ३२०० कोटी बेक्वेरेल एका लिटरमध्ये. असं पाणी कोणी मण्यांच्या नळीतून सोडायला जात नाही, ते जाड भिंतीमागे राहतं. उलट लिटरला दहा हजार बेक्वेरेल असं पाणी घ्या, जे खरंच साफ करावं लागेल, त्यात सीझियम-१३७ किती, तर सुमारे ३ नॅनोग्रॅम. तीन नॅनोग्रॅम! आणि त्याच लिटरमध्ये सोडियम-पोटॅशियम मिलीग्रॅममध्ये, कधी ग्रॅममध्ये. म्हणजे "ग्रॅमला इतके मिलीग्रॅम पकडतो" ही क्षमता इथे जवळजवळ निरुपयोगी माहिती आहे, कारण मणी भरायची वेळच येणार नाही सीझियमने, प्रश्न फक्त एवढा की कोट्यवधी सोडियममधून तो एक सीझियम ओळखून काढता येतो का. क्षमता नाही, निवड महत्त्वाची. युरेनियमचं तसं नाही, एक ग्रॅम युरेनियम-२३८ फक्त साडेबारा हजार बेक्वेरेलच्या आसपास, अर्धायुष्यच साडेचार अब्ज वर्षं, त्यामुळे पिण्याच्या पाण्यात त्याची भीती किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाची जास्त, आणि खाणीच्या पाण्यात ते खरंच मिलीग्रॅममध्ये असू शकतं. म्हणून मी युरेनियमवरचे पेपर गांभीर्याने वाचते आणि "बायोपॉलिमरने सीझियम ९८ टक्के" वाचलं की भुवई वर जाते.

सीझियमशी तर कायटोसानचं मुळात जमतच नाही. एकच धन भार, आकाराने मोठा, कोणाला घट्ट धरायची सवय नाही. त्याच्यासाठी लागतो प्रशियन ब्लू (एक निळं रंगद्रव्य) किंवा त्याचे तांबं-निकेलवाले नातेवाईक, ज्यांच्या जाळीत सीझियम नेमका मावतो. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियामध्ये भंगारात गेलेल्या रेडिओथेरपीच्या मशीनमधून सीझियम-१३७ लोकांच्या हाताला लागलं तेव्हा बाधितांना हाच प्रशियन ब्लू खायला दिला होता. अडचण अशी की तो इतका बारीक भुगा असतो की कॉलममध्ये भरला तर एकतर वाहून जातो नाहीतर कॉलम चोंदतो. मग तो भुगा अल्जिनेटच्या किंवा कायटोसानच्या मण्यात कोंडायचा, पाणी आरपार जातं, भुगा आत राहतो. म्हणजे इथे बायोपॉलिमरचं काम पकडायचं नाही, पिशवी व्हायचं. हेडलाइनमध्ये मात्र नाव पिशवीचं!

इंडस्ट्री काय वापरते? झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं एक खनिज. अमेरिकेत १९७९ च्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टी अपघातानंतर पाण्याला तेच, इंग्लंडमध्ये सेलाफिल्डच्या अणुकेंद्रात १९८५ पासून क्लिनोप्टिलोलाइट नावाचा झिओलाइट, फुकुशिमातही सीझियमसाठी आधी झिओलाइटच. दगडच तो, स्वस्त, किरणोत्साराने त्याचं काही बिघडत नाही. (आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टात झिओलाइटचे इतके देखणे स्फटिक निघतात की जगभरचे संग्राहक त्यावर टपलेले असतात, पण ते शोकेसमधले, प्लांटमधले नव्हेत.) झारखंडमध्ये जादूगोड्याला युरेनियमच्या गिरणीच्या पाण्यातलं रेडियम काढायला बेरियम क्लोराइड आणि मग मँगनीजसाठी चुना, इतकी साधी पद्धत. त्यात पेपर छापण्यासारखं काही नाही म्हणून फॉरवर्ड येत नाही.

मग बायोपॉलिमरला काहीच जागा नाही का? आहे, आणि ती जागा मला वाटतं पकडल्यानंतरच्या टप्प्यात आहे. झिओलाइट भरला की तो दगड तेवढाच्या तेवढा सांभाळायचा. कायटोसान किंवा अल्जिनेट म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि थोडा नायट्रोजन, जाळला की उरते चिमूटभर राख, आणि अणुकचऱ्यात सगळा खर्च आकारमानाचा असतो, जितकं कमी तितकं सांभाळणं स्वस्त. युरेनियम राखेत राहतं. सीझियम मात्र जास्त तापलं की वाफ होऊन चिमणीतून पळायला बघतं, त्यामुळे त्याच्यासाठी हा मार्ग अवघड. किंवा जाळायचंच नाही, माझ्या मोरचुदाच्या मण्यांसारखं ॲसिडने धातू उतरवून घ्यायचा आणि मणी परत वापरायचा. इथे अल्जिनेटची एक खोड लक्षात ठेवा. युरेनियम उतरवायला कार्बोनेटचं पाणी उत्तम असतं, पण अल्जिनेटचे मणी धुण्याच्या सोड्यात टाकून बघा, कार्बोनेट त्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी फुगून शेवटी बुळबुळीत लगदा होतो. करून बघायला एकदम सोपं, सांडलं तर पुसायला अवघड.

दुसरी मर्यादा किरणोत्साराचीच. जोराचा मारा झाला की सेंद्रिय साखळ्या तुटतात, हायड्रोजन वायू सुटतो, बंद डब्यात ते धोक्याचं. म्हणून वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतल्या तीव्र कचऱ्याजवळ हे न्यायचंच नाही, तो आपल्याकडे ट्रॉम्बे, तारापूर, कल्पाक्कमला काचेत गोठवतात आणि तेच बरोबर आहे. बायोपॉलिमर हे कमी तीव्रतेच्या, भरपूर आणि पातळ पाण्याचं काम. खाणीचं पाणी, धुण्याचं पाणी. एवढं मान्य केलं तर मला हे संशोधन मनापासून आवडतं, आणि एखाद्या एमएस्सीच्या पोराला प्रोजेक्ट हवा असेल तर मी हेच सुचवते, फक्त डिस्टिल्ड वॉटरमध्ये करू नकोस, गावच्या विहिरीचं पाणी आण आणि त्यात कर. आकडे पडतील. पडू देत.

ट्रिटियमबद्दलही (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) विचारतात. नाही निघत. फुकुशिमाची एएलपीएस नावाची पाणी साफ करायची यंत्रणा ६२ प्रकारचे किरणोत्सारी अणू काढायला बनवली आहे, ट्रिटियम त्यात नाही, कारण तो पाण्यात विरघळलेला नसतो, पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो. म्हणूनच २४ ऑगस्ट २०२३ पासून ते पाणी पातळ करून समुद्रात सोडायला सुरुवात झाली. त्याला साल, शेवाळ, दगड, कशाचाच उपयोग नाही.

आणि शेवटचा, सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, की ऑनलाइन कायटोसानच्या कॅप्सूल मिळतात वजन कमी करायच्या, त्या फोडून माठात टाकल्या तर चालेल का. नाही हो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात ती पावडर विरघळणारही नाही आणि कार्बोनेटवालं युरेनियम पकडणारही नाही, गाळ तेवढा प्याल. आपल्या महाराष्ट्रात बराचसा भाग बेसाल्टचा, आणि बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम कमीच. तरी बोअरचं पाणी पीत असाल आणि शंका असेल तर आधी एखाद्या मान्यताप्राप्त लॅबमधून तपासून घ्या, टेस्टमध्ये युरेनियम वेगळं सांगून मागावं लागतं, नेहमीच्या पॅकेजमध्ये नसतं. जास्त निघालं तर घरचा आरओ ते चांगलं काढतो. काढतो म्हणजे दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं त्यात पाठवतो, तेव्हा ती बादली लादी पुसायला वापरा, स्वैपाकाला नको.